शाओलिन सॉकर: पिक्चर हाँगकाँगचा, पोरं आपल्या तालमीची

लेफ्टविंग_मंगळवारपेठ
राम राम मंडळी. खेळावरच्या विनोदी पिक्चरचा विषय निघाला की सगळे क्रिकेटच्याच आसपास घुटमळत्यात, फुटबॉलचं नाव कोण काढत नाही, आणि आपण तर फुटबॉलवाल्या कोल्हापूरचे, म्हणून म्हटलं एक धागा काढूया. पिक्चर 'शाओलिन सॉकर', २००१ चा, स्टीफन चावनं स्वतःच डायरेक्ट केलाय आणि हिरो पण तोच.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी स्टोरी अशी. फंग नावाचा एक जुना प्लेयर असतो, त्याच्या उजव्या पायाला लोक सोन्याचा पाय म्हणायचे. हा गडी पैसे घेऊन मुद्दाम पेनल्टी घालवतो, लोक मैदानात घुसत्यात आणि त्याचा पाय मोडून टाकत्यात. वीस वर्षांनी तोच फंग लंगडत लंगडत हंगच्या हाताखाली पडेल ती कामं करत असतो, आणि हंग म्हणजे ज्यानं त्याला पैसे चारले तोच. हंग आता मोठा माणूस झालाय, स्वतःची टीम हाय, टीमचं नावच 'एव्हिल', म्हणजे डायरेक्टरला काय लपवायचंच नाही. मग फंगला रस्त्यात भेटतो सिंग. शाओलिन कुंगफू शिकलेला, कचऱ्यातलं डबेबाटल्या गोळा करून पोट भरणारा, आणि डोक्यात एकच खूळ की कुंगफू अख्ख्या जगाला शिकवायचं. सिंग एक बिअरचा डबा पायानं वर हाणतो, डबा जातो तो जातोच, आणि नंतर फंगला तो डबा भिंतीत रुतून बसलेला दिसतो. तिथनं टीमची आयडिया येते. सिंगचे पाच गुरुभाऊ गोळा करायचे आणि मैदानात उतरायचं.

टाइमपास हाय का, तर हायच. पण माझं म्हणणं असं की हा पिक्चर बाकीच्यांना जेवढा कळतो त्याच्या डबल आपल्याला कळतो. आपल्याकडं फुटबॉलची टीम म्हणजे तालीम. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. नाव तालमीचं, जोरबैठका तालमीतल्या, शिवजयंतीला लाठी-दांडपट्टा त्याच पोरांचा, आणि शाहू स्टेडियमवर बूट घालून उतरणारे पण तेच. आखाड्यातनं फुटबॉलची टीम काढायची ही आयडिया त्यानं कॉमेडी म्हणून केली, आपल्या पेठांत ते कित्येक वर्षं सिरियसली चाललंय की राव!

पांढरारस्सा_फुलवाटी
नाद खुळा धागा भावा. ते भिंतीतल्या डब्याचं वाचून आत्ताच परत बघायला घेतोय.

पुण्यात_अडकलेला
मला नाही एवढा आवडत, सॉरी. बॉलला आग काय लागते, बॉलचा वाघ काय होतो, गोली जाळ्यासकट उडून काय जातो. सगळं कॉम्प्युटर आहे आणि ते पण २००१ चं, आता बघताना चांगलंच जाणवतं. फुटबॉल कुठं आहे यात? एक पास नाही सरळ. माझ्या मते लहानपणी बघितला म्हणून सगळे कौतुक करतात.

लेफ्टविंग_मंगळवारपेठ
@पुण्यात_अडकलेला लेका तू पुण्याला गेल्यापास्नं असाच झालायस. वाघाच्या सीनला हसला नाहीस का? खरं सांग.

पुण्यात_अडकलेला
हसलो की. हसलो म्हणजे चांगला झाला का पिक्चर?

जुना_स्टॉपर
लेकरांनो, कॉमेडी पिक्चर बघून माणूस हसला तर आणि काय पाहिजे. ह्यात पास नाही हे बरोबर आहे, मी स्टॉपर, म्हणजे बचावाला, खेळलेला माणूस, मला पण ते खटकलं. मला जे आवडलं ते पहिल्या सरावाच्या मॅचचं. समोरची टीम म्हणजे नुसते गुंड, हातोडे-पाने घेऊन मैदानात उतरलेले, आणि आपल्या सहा जणांना असं तुडवतात की बघवत नाही. विनोदी पिक्चर आहे हे पाच मिनिटं विसरायला होतं. धूर, माती, एकेक जण खाली पडलेला. आणि मग हळूहळू एकेकाच्या अंगात जुनं शिकलेलं जागं होतं. पोटात चेंडू झेलणारा, डोक्यानं मारणारा, हवेत जाणारा. फंग त्या मॅचला मुद्दाम घेऊन गेलेला असतो. मार खाल्ल्याशिवाय पोरं तयार होत नाहीत हे कुठल्याही वस्तादाला विचारा. जुन्या मैदानावर आम्ही अशा मॅच खेळलोय, हातोडे नव्हते एवढंच.

रंकाळाकाठ_९
काका लई भारी 🙏 हातोडे नव्हते एवढंच 😂😂

दांडपट्टा_शिवाजीपेठ
माझं जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

लेफ्टविंग भावानं तालमीचा मुद्दा काढला तो बरोबर हाय पण अर्धा हाय. ह्या पिक्चरात मला जे लागलं ते मॅचच्या आधीचं. सिंग एकेका गुरुभावाकडं जातो तो भाग बघा. एकाच गुरूकडं शिकलेले सहा जण आता काय करत्यात? थोरला भाऊ, लोखंडी डोकेवाला, बारमध्ये कामाला, मालक चिडला की ह्याच्या डोक्यावर बाटली फोडतो. एक सुपरमार्केटात माल लावतोय आणि खाऊन खाऊन सुटलाय. एक कोटबूट घालून सारखा फोनवर, त्याला बोलायला टाइम नाही. एक बेकार. अंगात एवढी कला आणि तिचा भाव बाजारात शून्य. सिंग त्यांना म्हणतो चला, आणि सगळे त्याला हाकलून देत्यात, कारण प्रत्येकाला भाड्याची, पोटाची काळजी.

हे मी आमच्या गल्लीत बघितलंय. आमच्याकडं एक मामा आहेत, मामा म्हणजे अख्ख्या गल्लीचे मामा, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवायचे. एक पोरगं रस्त्यावर उताणं झोपायचं, त्याच्या गळ्यावर लिंबू ठेवायचं, आणि मामा डोळ्याला पट्टी बांधून, गुडघ्यावर बसून, पट्टा फिरवत फिरवत असा आणायचे की लिंबाची दोन फाकं आणि पोराच्या कातड्याला ओरखडा नाही. हलगी थांबायची तेवढा वेळ. पब्लिक गप्प. दुसऱ्या दिवशी मामा एका मंगल कार्यालयाच्या गेटवर खाकी ड्रेसात, गाड्या लावून घ्यायला शिट्टी मारत. लग्नाला आलेला माणूस काच खाली करून त्यांच्यावर डाफरून जायचा, आणि मामा "हां साहेब" म्हणायचे. ज्या हातानं लिंबू कापलं तोच हात गाडीला रिव्हर्स दाखवतोय.

म्हणून लोखंडी डोकेवाल्याच्या डोक्यावर बाटली फुटते तेव्हा सगळे हसत्यात, मला हसू येतं पण पूर्ण येत नाही. त्या सीनची गंमत तीच हाय. आणि ह्या माणसाला त्या रोलसाठी २००२ च्या हाँगकाँग फिल्म अवॉर्डमध्ये बेस्ट सपोर्टिंग अॅक्टर मिळालंय, वाँग यात-फेई नाव त्याचं. त्याच वर्षी बेस्ट फिल्म, बेस्ट डायरेक्टर, बेस्ट अॅक्टर पण ह्याच पिक्चरला. कॉमेडीला एवढं देत नाहीत सहसा.

पांढरारस्सा_फुलवाटी
मामांचं वाचून गप्पच झालो राव.

लेफ्टविंग_मंगळवारपेठ
शिवाजी पेठेतल्या माणसाचं मी कधी पटवून घेत नाही पण हे पटलं. लिहीत जा भावा.

दांडपट्टा_शिवाजीपेठ
मंगळवार पेठेनं कौतुक केलं, आज बुंदी वाटतो 😀

मॉडरेटर_करवीर
पेठांचं इथं सुरू करू नका, मागच्या फायनलचा धागा लॉक करावा लागला होता हे लक्षात ठेवा.

आंबोली_ट्रिप_कधी
मुईबद्दल कोणीच बोललं नाही अजून?? वाटलंच होतं. झाओ वेईनं केलाय तो रोल. रस्त्यावर वाफेचे पाव करून विकणारी पोरगी, चेहऱ्यावर सगळे फोड, केस तोंडावर ओढून घेतलेले, मालकीणबाई सारखी अंगावर खेकसणारी, आणि ही पीठ मळताना 'ताई ची', म्हणजे चिनी संथ युद्धकला, करते. ते मळणं बघा फक्त. पीठ हातात गोल फिरतं, हवेत जातं, परत येतं, कुठं धक्का नाही. मी तर तिथंच अडकलो, स्टोरी पुढं गेलेली कळलंच नाही. सिंगकडं खायला पैसे पुरत नाहीत म्हणून फाटके बूट ठेवून जातो, ती ते शिवून परत देते.

आणि मग ती त्याच्यासाठी नटून येते. खांद्याला हे एवढे पॅड, तोंडाला थापलेला मेकअप, आणि हा शहाणा म्हणतो आपण फक्त मित्र. त्यानंतर तिच्या हातचा पाव खारट लागतो. कोण रडलं ते पिक्चर सांगत नाही, नुसता पाव खारट. एवढ्या आचरट पिक्चरात एवढी बारीक गोष्ट येते म्हणून मला हा डायरेक्टर आवडतो.

एक तक्रार पण हाय. शेवटी ती टक्कल करून मैदानात येते, गोलपोस्टात उभी राहते, मॅच तिच्याशिवाय जिंकताच येत नाही, आणि तोपर्यंत तिला अर्धा पिक्चर बाजूला बसवलंय. आधीपास्नं टीममध्ये घेतली असती तर काय बिघडलं असतं?

रंकाळाकाठ_९
मग फायनल दहा मिनिटात संपली असती ताई 😂

आंबोली_ट्रिप_कधी
संपू दे की. उरलेल्या वेळात पाव दाखवायचे.

सबटायटल_सम्राट
थोडी माहिती टाकतो, कुणाला उपयोग झाला तर.

१. पुण्यात_अडकलेला म्हणतोय सगळं कॉम्प्युटर, तसं नाहीये. अॅक्शन डायरेक्टर चिंग सिउ-तुंग आहे, हाँगकाँगचा तारेवरच्या अॅक्शनचा मोठा माणूस. २००६ च्या आपल्या 'क्रिश'ची अॅक्शन पण त्याचीच. हृतिक झाडावरून झाडावर पळतो ना, तो हात ह्याचा. त्यामुळे शाओलिन सॉकरमध्ये बॉल कॉम्प्युटरचा असला तरी माणसं खरोखर तारेला लटकलेली आहेत.

२. गोली झालाय तो डॅनी चान, पिवळा ट्रॅकसूट घालून हुबेहूब ब्रूस ली. मुद्दामच तसा उभा केलाय. पुढे २००८ मध्ये चीनच्या टीव्हीवर ब्रूस लीच्या आयुष्यावर सिरियल आली त्यात ब्रूस लीचा रोल ह्यालाच मिळाला.

३. फंग म्हणजे उंग मान-तात. स्टीफन चावबरोबर त्याची जोडी कितीतरी पिक्चरमध्ये होती. २०२१ च्या फेब्रुवारीत गेला तो.

४. कृपा करून लांबीला मोठं व्हर्जन बघा. अमेरिकेत मिरामॅक्स या फिल्म कंपनीनं घेतला आणि २००४ पर्यंत अडकवून ठेवला, वरून वीसेक मिनिटं कापली. कापलेल्या व्हर्जनमध्ये कॉमेडीचा दमच जातो. मुईच्या गाड्यासमोर रस्त्यावरचे लोक अचानक नाचायला लागतात तो सीन नसेल तर समजा तुमच्याकडं चुकीची कॉपी आहे.

पुण्यात_अडकलेला
क्रिशचं माहीत नव्हतं. बरं, तारेचं मान्य. पण मिशा लावलेल्या त्या दोन प्लेयर कशाला आहेत मध्येच?

सबटायटल_सम्राट
त्या सिसिलिया च्युंग आणि कॅरेन मोक, दोघी तिकडच्या मोठ्या हिरोइनी. पाहुण्या म्हणून आल्यात, मिशा लावून. थिएटरात त्यांना ओळखून पब्लिक केवढं हसलं असेल ते आपल्याला इथं बसून कळायचं नाही. आपल्या एखाद्या टॉपच्या हिरोइनला मिशी लावून शाहू स्टेडियमवर उतरवलं तर कसं होईल, तसं.

जुना_स्टॉपर
हंगच्या तोंडचं एक वाक्य आहे, रेफ्री माझा, लाइनमन माझे, मॅच भरवणारे माझे, तुम्ही माझ्याशी लढणार कसे, अशा अर्थाचं. ते ऐकून मी खुर्चीतच उठलो. मॅच हरल्यावर जगातला प्रत्येक सपोर्टर हेच म्हणत घरी जातो, फक्त इथं व्हिलन स्वतःच कबूल करून टाकतो. डायरेक्टर स्टँडमध्ये बसून शिव्या देणारा माणूस असणार, नाहीतर हे सुचत नाही.

आणि त्याच्या टीमला औषधाची इंजेक्शनं देऊन राक्षस केलेलं आहे. २००१ साली ती अतिशयोक्ती होती. त्यानंतर खेळाच्या बातम्यांत जे जे वाचलं, त्यामानानं हंग साधा माणूस वाटतो.

झुंबड_नॉर्थस्टँड
काका रेफ्रीचा विषय काढू नका, आमची जखम ओली हाय

मॉडरेटर_करवीर
👀

लेफ्टविंग_मंगळवारपेठ
काकांनी फंगचं काय ते लिहावं, माझी उत्सुकता तीच हाय. मला ह्या पिक्चरचा खरा हिरो फंग वाटतो. सिंगला काय, तो पहिल्यापास्नं खुळाच हाय, त्याचा विश्वास कधी हलतच नाही. फंगनं पैसे खाल्लेत. वीस वर्षं तो समजतोय की पब्लिकनं रागानं पाय मोडला, आणि मग हंगच सांगतो की पाय मोडायला माणसं मीच पाठवली होती. म्हणजे विकला गेला तो गेला, वरून लंगडा पण त्यांनीच केला. पेनल्टी घालवलेला माणूस आपल्या गावात पण वीस वर्षं तोंड दाखवू शकत नाही, आणि त्यानं पैसे खाल्ले नसले तरी.

जुना_स्टॉपर
फंगबद्दल एवढंच लिहितो. फायनलच्या आधी त्याला हंग परत पैसे दाखवतो आणि तो घेत नाही, हा भाग कुठल्याही गंभीर पिक्चरात आला असता तर पाठीमागं व्हायोलिन वाजवून दहा मिनिटं लांबवला असता. इथं झटक्यात उरकलाय. मला तेच जास्त भिडलं. खेळात विकला गेलेला माणूस प्रशिक्षक म्हणून परत येतो तेव्हा त्याला पोरांना सांगायला एकच गोष्ट असते, आणि ती तो तोंडानं कधी सांगत नाही.

उजळाईवाडी_टेकऑफ
मी बाहेरचा, नोकरीमुळे कोल्हापुरात आलोय. एक प्रश्न. तालमी कुस्तीच्या होत्या मग फुटबॉल कसा काय शिरला? कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि खासबाग एवढंच ऐकून होतो.

दांडपट्टा_शिवाजीपेठ
खासबाग हायच की, १९१२ चं मैदान, शाहू महाराजांनी बांधून घेतलं, मधी कुस्तीचा हौदा आणि भोवतीनं उतार असा की मागं बसलेल्याला पण लाल माती दिसावी. कुस्तीला राजाश्रय होता म्हणून गल्लोगल्ली तालमी झाल्या. आता तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हं. गणपती तालमीचा, जयंती तालमीची, पूर आला की बोटी घेऊन पळणारी पोरं तालमीची, भांडण मिटवायचं तर तालमीतच. पोरांनी बॉल मारायला सुरुवात केली तेव्हा टीम पण आपोआप तालमीच्याच नावानं झाली, वेगळा क्लब काढायचं कुणाच्या डोक्यात पण आलं नसंल. के. एस. ए. म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० ची, लीग तीच घेते. वर्ल्डकप असला की भिंतीवर मेस्सी-रोनाल्डो आणि चौकात कटआउट बघितली असशीलच. आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं जो अनिकेत जाधव खेळला तो आपलाच.

सीझनला एकदा स्टेडियमवर ये. कुठल्या स्टँडला बसायचं ते मात्र आधी विचारून ठरव 😀

उजळाईवाडी_टेकऑफ
धन्यवाद दादा. आता पिक्चर पण बघतो आणि मॅच पण.

झुंबड_नॉर्थस्टँड
मराठीत करायचा झाला तर कास्ट कोण? म्हणजे रिमेक नको, आपली आपली स्टोरी. बंद पडायला आलेली तालीम, वस्ताद म्हातारा, पोरं कुणी एमआयडीसीत, कुणी रिक्षावर, कुणी गोकुळच्या गाडीवर दूध टाकायला, आणि एकजण सगळ्यांना गोळा करतोय. लोखंडी डोकेवाल्याच्या जागी मल्ल. गोलीला मर्दानी खेळवाली पोरगी, पहिल्या सीनपास्नं, आंबोली ताईंची तक्रार नको.

आंबोली_ट्रिप_कधी
मी तिकीट काढून बघतो.

पुण्यात_अडकलेला
बिघडेल. मराठीत केला की मध्ये गाणं येणार, मग आईचं आजारपण येणार, मग शेवटी भाषण. शाओलिन सॉकरमध्ये भाषण आलं की लगेच कोणतरी पडतं किंवा मार खातं, म्हणून ते चालतं. सिंग कुंगफूचे फायदे सांगतो बघा, केळीच्या सालीवरनं घसरलेली बाई कुंगफू येत असतं तर पडली नसती, गाडी पार्क करायला कुंगफू, झाडं कापायला कुंगफू. आणि शेवटी खरंच अख्खं शहर तसं वागताना दाखवलंय. तेवढा सीन मला आवडतो, कबूल.

लेफ्टविंग_मंगळवारपेठ
आला आला, पुणेकर लायनीवर आला! अजून दोन दिवस धागा चालू राहिला तर हा वाघाचा सीन पण आवडला म्हणंल.

पुण्यात_अडकलेला
वाघ नाही आवडत. लिहून घे.

सबटायटल_सम्राट
झुंबड, कास्टिंगपेक्षा अॅक्शनवाला कोण घेणार ते आधी ठरवा, सगळा पैसा तिथं जातो. आणि लोकेशनला शाहू स्टेडियम सीझनमध्ये मिळणार नाही, पावसाळ्यात मिळेल आणि पावसाळ्यात तिथं नुसता चिखल.

जुना_स्टॉपर
चिखलात चांगलं होईल. चिखलात गडी पडला की आपोआप कॉमेडी होते, कॉम्प्युटर लागत नाही.

पांढरारस्सा_फुलवाटी
बघून झाला आत्ता. हातोडेवाल्यांच्या मॅचला घरातले सगळे जमले, आई म्हणाली हे काय रे बघायलास, आणि मग तिनंच शेवटपर्यंत उठू दिलं नाही. तिला मुईची मालकीण पसंत नाही आणि बाकी सगळं पसंत हाय. आता ती विचारायल्या ह्याच माणसाचा दुसरा कुठला हाय का. 'कुंगफू हसल' लावू का? घरच्यांबरोबर चालतो का?

सबटायटल_सम्राट
२००४ चा. मारामारी जास्त आहे, कुऱ्हाडीबिऱ्हाडी आहेत, छोटी पोरं असतील तर जरा बघून. सुरुवातीला स्टीफन चाव पोरांचा फुटबॉल पायाखाली चिरडतो आणि म्हणतो फुटबॉल बास झाला, तो टोला ह्याच पिक्चरला आहे. म्हणून ह्याच्यानंतर लगेच लाव, काकूंना कळेल.

मॉडरेटर_करवीर
कुंगफू हसलचा वेगळा धागा काढा, इथं मिसळू नका.